दीडशेची बाटली आणि पाच रुपयांचा मका

(क्रांती चौकातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा चौक सभांना सरावलेला आहे. १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या शिपायांना इथे मरण आले, तो काळा चबुतरा तुमच्या समोर आहे, आणि त्यावरूनच या चौकाला क्रांती चौक म्हणतात. इथे उभे राहून दारूवर बोलायचे म्हटले की कोणालाही संकोच वाटेल. मलाही वाटतो. तरी आज मी दारूवरच बोलणार आहे, कारण मागच्या पंधरवड्यात कन्नड तालुक्यातल्या एका गावात एका बाईने मला भर बैठकीत उभे राहून विचारले, "भाऊ, मक्याला भाव भेटावा म्हणून आमच्या मालकानं रोज प्यावी काय?"

बैठक हसली. ती बाई हसली नाही. मीही तेव्हा तिला धड उत्तर देऊ शकलो नाही. नंतर घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी शेतकी कॉलेजचा माणूस, हिशेब मांडल्याशिवाय मला काही समजत नाही. तो हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

एका क्वार्टरचा हिशेब

एक क्विंटल चांगला वाळलेला मका डिस्टिलरीत गेला की त्यातून साधारण ३६ ते ३८ लिटर शुद्ध मद्यार्क निघतो. आपण कमीचा आकडा धरू, ३६ लिटर. दुकानात मिळणाऱ्या 'विदेशी' दारूची तीव्रता ४२.८ टक्के असते. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध मद्यार्क ७७ मिली, बाकी पाणी, रंग आणि वास. ३६ लिटरला ७७ मिलीने भागा. एका क्विंटल मक्यातून ४६७ क्वार्टर होतात. उलट्या बाजूने मोजले तर एका क्वार्टरला मका लागतो २१४ ग्रॅम. ओंजळभर.

आता भाव बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा आधारभाव २,४०० रुपये क्विंटल जाहीर झाला. त्या भावाने २१४ ग्रॅम मक्याचे होतात पाच रुपये चौदा पैसे. आणि बाटली केवढ्याला? १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला आणि १८० मिलीच्या बाटलीच्या किमान विक्री किमती ठरवल्या. देशी ८० रुपये, 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा नवा प्रकार १४८ रुपये, भारतीय बनावटीची विदेशी २०५ रुपये, आणि भारी विदेशी ३६० रुपये. नवा १४८ रुपयांचा प्रकार धान्यापासूनच करायचा आणि महाराष्ट्रातल्या उत्पादकांनीच करायचा, असे ठरले.

म्हणजे १४८ रुपयांच्या बाटलीत आपला मका पाच रुपयांचा. तोही आधारभाव मिळाला तर. २०२५ च्या खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा बहुतेक ठिकाणी भाव आधारभावाच्या बराच खाली होता. सतराशेने विकला असेल तर बाटलीतला तुमचा वाटा साडेतीन रुपयांवर येतो.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे या. रोज एक क्वार्टर पिणारा माणूस वर्षाला ५४ हजार रुपये दुकानात देतो. त्या वर्षभरात तो मका किती पितो? ७८ किलो. पाऊण क्विंटलाच्या थोडा वर. आधारभावाने १,८७२ रुपयांचा. तर बाई, तुझ्या मालकाने रोज पिऊन मक्याला भाव मिळत नाही. तुमच्या घरातून ५४ हजार बाहेर जातात तेव्हा कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरी दोन हजारसुद्धा येत नाहीत. गावाचे गाव प्यायले तरी गाव श्रीमंत होणार नाही. दारूच्या जोरावर शेतकऱ्याचे भले होते असे जो सांगतो, त्याला हा हिशेब दाखवा.

मग १४८ मधले बाकीचे कुठे जातात? कारखान्याचा खर्च आणि नफा, बाटली, जाहिरात, दुकानदाराचे कमिशन, हे सगळे आहेच. पण मोठा घास सरकारचा. विदेशी दारूवरचे उत्पादन शुल्क जूनच्या त्या निर्णयात उत्पादन खर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट झाले, आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असे सरकारनेच सांगितले. दारू पिणारा कोणीही असो, दारूवर जगणारे सगळ्यात मोठे घर मंत्रालय आहे.

ऊस पेट्रोलला गेला, दारू धान्याकडे आली

आता तुम्ही म्हणाल, मग हा विषय आपला कसा? आपला असा की पिण्याची दारू हे या धंद्याचे एक टोक आहे. दुसरे टोक पेट्रोलच्या टाकीत आहे, आणि ते आता मोठे झाले आहे.

आपल्या देशात 'व्हिस्की' म्हणून जे विकले जाते, त्यातले बहुतेक पूर्वी मळीच्या मद्यार्कात रंग-वास घालून केलेले असे. युरोप त्याला व्हिस्की म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे व्हिस्की धान्याचीच आणि लाकडी पिंपात तीन वर्षे मुरलेली लागते. मळी स्वस्त होती तोवर हे चालले. पण २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून आणि बी-हेवी मळीपासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली. कारखान्यांची मळी तेल कंपन्यांकडे वळली. दारूवाले धान्याकडे वळले: तांदळाची कणी, ज्वारी, बाजरी, मका. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या आपल्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे आणि मद्याचे कारखाने आधीपासून होतेच. भोवती सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, वैजापूरचा मक्याचा पट्टा. आपण न बोलावता हा बाजार आपल्या दारात आला.

तेवढ्यात इथेनॉललाही धान्य कमी पडू लागले. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात देशातल्या इथेनॉलचा सगळ्यात मोठा कच्चा माल मका ठरला. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा देशाने गाठला. कोंबडीखाद्य, स्टार्च, इथेनॉल आणि दारू, असे चार गिऱ्हाईक एका मक्यासाठी उभे राहिले. चार गिऱ्हाईक असलेल्या मालाला भाव मिळालाच पाहिजे. मग मिळाला का नाही?

भाव कोण ठरवतो?

मक्याच्या इथेनॉलचा दर जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला. बाजाराने नाही, सरकारने ठरवला. क्विंटलभर मक्याचे इंधनासाठी ३८ लिटर धरले तर होतात २,७३० रुपये. वर तीसेक किलो चोथा उरतो, तो पशुखाद्यात जातो. यातून कारखान्याने वाफ, वीज, मजुरी, व्याज भागवायचे आणि मका घ्यायचा. म्हणजे मक्याच्या भावाला वरून झाकण बसले. झाकण दिल्लीत ठरते. खाली मात्र तळ नाही, कारण आधारभावाने खरेदी करायला केंद्र वेळेवर उघडत नाही.

एवढ्यावर थांबले नाही. जून २०२४ मध्ये सुमारे ५ लाख टन मका सवलतीच्या १५ टक्के शुल्काने बाहेरून आणायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ इथेनॉल कारखान्यांना २,२५० रुपये क्विंटलने द्यायचे ठरले. त्याआधी तो दर २,८०० होता. मक्यापेक्षा तांदळातून मद्यार्क जास्त निघतो. सरकारच साडेपाचशे रुपये तोडून तांदूळ ओतत असेल तर कारखानदार तुमचा मका चढ्या भावाने का घेईल? तो शहाणा आहे.

आणि सोयाबीनवाल्यांनो, तुम्ही गालात हसू नका. तो जो चोथा सांगितला, त्यात २८-३० टक्के प्रथिने असतात. कारखाने वाढले, चोथा वाढला, स्वस्त झाला, आणि पशुखाद्यवाल्यांनी सोयाबीनची पेंड कमी करून चोथा घातला. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा आधारभाव ४,८९२ असताना बाजार त्याखाली पडला, त्याच्या कारणांत हे एक कारण आहे. एकाच शेतकऱ्याच्या बांधाच्या अलीकडे मका, पलीकडे सोयाबीन. अलीकडे इथेनॉलचा जयजयकार, पलीकडे त्याच इथेनॉलच्या चोथ्याने मार. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. पण सगळा हिशेब समोर ठेवून बोला एवढेच माझे म्हणणे.

ऊसवाल्यांची गोष्ट तर ताजी आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन भरात असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. ज्या कारखान्यांनी सरकारच्याच सांगण्यावरून कर्ज काढून प्रकल्प उभे केले होते, ते बघत राहिले. आठवड्याभरात थोडी ढील दिली, आणि पूर्ण बंधन उठवले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. कर्जाचे व्याज मधल्या काळात थांबले नाही. ते शेवटी उसाच्या बिलातून निघाले.

जुनीच खोड

ही खोड आजची नाही. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा केला आणि गावोगावच्या भट्ट्या मोडून मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या उभ्या केल्या. उरणच्या भट्ट्या तेव्हा प्रसिद्ध होत्या. तरी ठाणे-कुलाब्याच्या डोंगरातला माणूस मोहाची फुले वेचून घरची दारू काढतच होता. म्हणून १८९२ साली मोहाच्या फुलांचाच कायदा आणला. फुले गोळा करणे, बाळगणे यावरच निर्बंध! लोकांच्या आरोग्याची काळजी म्हणून हे झाले नाही. मक्तेदाराची दारू खपावी आणि सरकारचा कर बुडू नये म्हणून झाले. झाड आदिवासीच्या दारात आणि फुलावर हक्क अबकारीचा.

स्वातंत्र्य आले, फुलाच्या जागी मळी आली. १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने मळी कोणाला, किती, काय भावाने द्यायची ते सरकार ठरवू लागले. मळी स्वस्त ठेवली की दारू आणि रसायनाचे कारखाने खूश, आणि तेवढा उसाचा भाव कमी. हे नियंत्रण उठायला जून १९९३ उजाडले. बत्तीस वर्षे उसवाल्याच्या खिशातून हा कारभार चालला.

मग २००७. राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान जाहीर केले. सांगितले काय? खरिपाची ज्वारी काढणीला आली की परतीचा पाऊस येतो, दाण्याला बुरशी लागते, ज्वारी काळी पडते, खायला कोणी घेत नाही. तिला गिऱ्हाईक मिळेल, शेतकऱ्याचे भले होईल. काळ्या ज्वारीचे दुःख खरे होते. संकरित ज्वारीवर आम्ही कॉलेजात धडेच्या धडे शिकलो. लवकर येते, उत्पन्न देते, पण कणीस पावसात सापडते. औषध मात्र भलत्यालाच दिले. क्विंटलभर ज्वारीतून ३५-३६ लिटर निघतात. म्हणजे क्विंटलमागे साडेतीनशे रुपये सरकारी तिजोरीतून कारखान्याला. ज्वारी पिकवणाऱ्याला त्यातला एक पैसा देण्याचे बंधन नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या धोरणाला दारूचा प्रश्न म्हणून विरोध केला. आपण शेतकरी म्हणून विचारायला हवे होते की आमच्या नावाने निघालेले पैसे आमच्या घरी का आले नाहीत? ते आपण पुरेशा मोठ्या आवाजात विचारले नाही.

आता १४८ रुपयांच्या बाटलीवर महाराष्ट्राचे नाव आहे. पुन्हा आपल्या नावाने काहीतरी निघाले आहे. काही भाऊ म्हणतात, अट घाला की धान्यही महाराष्ट्राचेच पाहिजे. मला ही मागणी पटत नाही. ज्या झोनबंदीविरुद्ध आपण लढलो तीच आपल्या हाताने दुसऱ्याच्या गळ्यात कशाला बांधायची? आज बाहेरचा मका इथे अडवला तर उद्या तुमचा मका तिकडे अडेल. आपल्याला कुंपण नको, खुला बाजार हवा. आणि खुला म्हणजे दोन्ही बाजूंनी खुला. सरकारचा तोडलेला तांदूळ, मधेच येणारी बंदी, मूठभरांनाच मिळणारा परवाना, हे सगळे त्यातून बाहेर काढा.

हे परवान्याचे लोण किती दूर जाते बघा. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडे काजूच्या बोंडूला दाम आहे. सीमेच्या अलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीत तोच काजू, तोच बोंडू, पण परवान्याशिवाय भट्टी लावली तर शेतकरी आरोपी. त्याच वेळी कर वाढला की गोव्याची दारू चोरट्या वाटेने इकडे येते, ती थांबत नाही. आता ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, आठ विरुद्ध एक अशा मताने, औद्योगिक मद्यार्कावरही राज्याचा अधिकार मान्य केला. म्हणजे इथेनॉलचा दर दिल्लीच्या हातात आणि मद्यार्काचा परवाना मुंबईच्या हातात. दोन्ही दारांना कुलूप लागू शकते, आणि आपल्याकडे किल्ली एकाचीही नाही.

पाणी

मराठवाड्यात या धंद्यावर बोलायचे तर पाण्यावर बोलावेच लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले ते तुम्हाला आठवत असेल. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि मग ६० टक्के कापायचा आदेश दिला. न्यायालयात जावे लागले, तेव्हा झाले. दुष्काळात आधी माणूस, मग जनावर, मग पीक, मग कारखाना, हा क्रम सांगायला न्यायाधीश लागावा ही शरमेची गोष्ट आहे. मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत लिटरभर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर काळे सांडपाणी निघते. ते नीट प्रक्रिया न करता सोडले की शेजारच्या विहिरी नासतात. ज्याची विहीर नासली तो शेतकरीही या बाटलीची किंमत देतो, आणि ती १४८ मध्ये धरलेली नसते.

मग करायचे काय?

सरकारकडे तीन मागण्या. एक, इथेनॉलचा दर, गोदामातल्या तांदळाचा दर आणि आयातीचे धोरण पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर करा. पेरणी झाल्यावर पीक घरात येईपर्यंत त्यात बदल नाही. दोन, शेतकरी उत्पादक कंपन्यांना मद्यार्काचा परवाना मोकळा करा, निदान इंधनाच्या आणि औद्योगिक वापरासाठी तरी. तीन, आमच्या नावाने कोणाला अनुदान देऊ नका. आम्हाला नको, कारखान्यालाही नको.

आपल्याकडची तीन कामे. पहिले, मका ओला विकू नका. बाजारात ओलाव्याच्या नावाखाली जी लूट होते ती शास्त्राने मोजता येते. २० टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला की ९३ किलो भरतो. म्हणजे खरी घट ७ किलो. याच्यापेक्षा जास्त कापले तर ती घट नाही, चोरी आहे. गावात मिळून ओलावा मोजायचे एक यंत्र घ्या. आडतीत त्याच्याशी ताडून पाहा. दुसरे, बुरशी लागलेला माल वेगळा ठेवा. बुरशीचे विष दारूत जात नाही, पण चोथ्यात ते तिप्पट दाट होते आणि आपल्याच जनावरांच्या पोटात परत येते. तिसरे, मापाच्या पावत्या जपा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आणा. कोणत्या बाजारात, कोणत्या दिवशी, किती ओलाव्याला, काय भाव मिळाला, याचा तक्ता आपण स्वतः करू. सरकारचे आकडे सरकार सांगेल, आपले आपण सांगू.

आणि आता शेवटचे, मायबहिणींसाठी. गावातल्या निम्म्या महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद या राज्यात आहे. ती वापरायची असेल तर संघटनेतला कोणताही भाऊ, "ताई, मक्याच्या भावाचे काय?" असे म्हणून आडवा येणार नाही. आला तर त्याला २१४ ग्रॅमचा हिशेब सांगा. बंदी कागदावर आली की दारू संपते असे मी म्हणणार नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. जिथे बायका पहारा देतात तिथे ती जगते, हे दोन्ही जिल्हे सांगतात. आपल्या गावात काय हवे ते गावातल्या बायांनी ठरवावे. मंत्रालयाच्या तिजोरीने नाही, आणि मक्याच्या भावानेही नाही.

कन्नडच्या त्या बाईला मी उत्तर देणे लागत होतो. ते आज इथे देतो. तुझ्या मालकाने प्यावी की नाही हा तुझ्या घराचा प्रश्न आहे, आणि त्यात मी तुझ्या बाजूला आहे. मक्याला भाव मिळावा हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे, आणि तो दुकानाच्या गल्ल्यावर सुटणार नाही. पेरणीआधी धोरण आणि पेरणीनंतर मोकळा बाजार एवढे मिळाले तरी तो सुटायला लागेल. पावत्या घेऊन या.